‘हे वचन देवाचे नव्हे, हे ओळखायचे कसे?’ : अनुवाद 18:21-22 समजून घेताना

बायबलमध्ये भविष्यवाणीविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. पण ती ऐकणाऱ्या साध्या माणसाच्या मनात काय चालते, याची दखल घेणाऱ्या जागा मात्र थोड्या आहेत. अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचा शेवट ही त्यांपैकी एक. साध्या मराठीत त्या दोन वचनांचा आशय असा : ‘परमेश्वराने न सांगितलेले वचन आम्ही ओळखावे कसे, असे तू मनात म्हणशील. तर एखादा संदेष्टा (देवाचा निरोप लोकांना सांगणारा) परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ती गोष्ट घडली नाही, खरी ठरली नाही, तर ते वचन परमेश्वराने सांगितलेले नव्हते. त्या संदेष्ट्याने ते उद्धटपणे, आपल्या मनाचे सांगितले. त्याला घाबरू नकोस.’

वाचायला हा मजकूर इतका सरळ आहे की त्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका घरी बायबल अभ्यास चालू असताना महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मात्र नेमके बोट ठेवले. ‘काका, घडलं नाही म्हणजे देवाचं नव्हतं, हे कळलं. पण घडायच्या आधी आम्ही काय धरून चालायचं?’ त्यावर बसलेल्यांपैकी एका वडीलधाऱ्यांनी ‘असले प्रश्न विश्वासात बसत नाहीत’ असे म्हणून विषय मिटवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या वयाचा मान राखूनही असे म्हणावे लागते की, समोर उघडलेल्या पानावर तोच प्रश्न छापलेला होता. तो शंकेखोराच्या तोंडी घातलेला नाही आणि विचारणाऱ्याला तिथे कोणी दटावलेलेही नाही. ‘तू मनात म्हणशील’ असे म्हणून तो प्रश्न आधीच ओळखलेला आहे आणि लगेच त्याचे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर पुरेसे आहे का, हा पुढचा विचार.

त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवणे भाग आहे. आपल्या भागात भविष्य म्हटले की पुढे काय घडणार ते आधी सांगणे एवढेच डोळ्यांसमोर येते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडेबाबांची भाकणूक ऐकण्यासाठी दरवर्षी लोटणारी गर्दी आपण पाहिलेली असते. पाऊस कसा पडेल, पीकपाणी कसे होईल, राजकारणाचे वारे कुठे फिरेल, हे ऐकायला माणसे लांबून येतात. त्याच अपेक्षेने बायबल उघडले की वाचक गोंधळतो, कारण तिथल्या संदेष्ट्यांच्या बोलण्याचा बराच मोठा भाग पुढच्या घटनांविषयी नसतोच. आमोस हा संदेष्टा खोटी तागडी वापरणाऱ्या व्यापाऱ्यांवर आणि जोडाभर पायतणासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर तुटून पडतो. यिर्मया राजवाड्याच्या दाराशी उभा राहून मजुराची मजुरी बुडवणाऱ्या राजाची कानउघाडणी करतो. पुढे काय होईल हे हे लोक सांगतात खरे, पण ते बहुतेक वेळा आजच्या वागणुकीला बांधलेले असते : असेच वागत राहाल तर असे होईल. हा सांधा लक्षात ठेवला नाही, तर अनुवादातली कसोटी चुकीच्या जागी लावली जाते.

आता ही कसोटी कोणत्या संदर्भात येते ते पाहू. अनुवाद हे पुस्तक यार्देनेच्या पूर्वेस, मवाबाच्या मैदानात मोशेने केलेल्या भाषणांच्या रूपात मांडलेले आहे. इ.स.पूर्व 622 च्या सुमारास, योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचे एक पुस्तक सापडल्याची हकिकत बायबलमधील राजे या पुस्तकात आहे आणि अनुवादाच्या आजच्या स्वरूपाचा त्या काळाशी जवळचा संबंध आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. अठराव्या अध्यायात आधी शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे, मेलेल्यांना विचारणे, मुलांना अग्नीत अर्पण करणे या सगळ्यांवर बंदी येते. मग ‘माझ्यासारखा संदेष्टा परमेश्वर तुमच्या बांधवांतून उभा करील’ असे आश्वासन येते. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र आणि स्तेफन हे दोघेही हे वचन येशूला लावतात. इस्लामी परंपरेत ते मुहंमद पैगंबरांना लावले जाते. आणि पुष्कळ अभ्यासकांच्या मते त्याचा पहिला अर्थ इस्राएलात एकामागून एक येणाऱ्या संदेष्ट्यांच्या परंपरेशी जोडलेला आहे. त्यानंतर येतो तो कडक नियम : देवाने न सांगितलेले जो देवाच्या नावाने सांगेल, त्याला मृत्युदंड.

म्हणजे आपला प्रश्न मृत्युदंडाच्या नियमाला लागूनच आलेला आहे, आणि त्यामुळे त्याचा सूर बदलतो. शिक्षा इतकी मोठी असेल तर गुन्हा सिद्ध कसा करायचा, हे कोणीतरी विचारायलाच हवे. हा पुराव्याचा प्रश्न आहे. शकुनांची वाट बंद केली, आता माणसाच्या तोंडून देव बोलणार. पण माणसे तर खोटेही बोलतात. मग ऐकणाऱ्याने काय करावे?

उत्तरात दिलेली कसोटी नीट वाचली तर ती एकाच बाजूने चालणारी आहे, हे ध्यानात येते. सांगितले ते घडले नाही, तर वचन देवाचे नाही, एवढेच ती म्हणते. सांगितले ते घडले म्हणजे वचन देवाचेच, असे ती म्हणत नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला असावा, कारण याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात उलट बाजूची शक्यता स्पष्ट मांडली आहे : एखाद्याने चिन्ह सांगितले, ते चिन्ह खरेही ठरले, पण तो तुम्हांला दुसऱ्या देवांच्या मागे नेऊ लागला, तर त्याचे ऐकू नका. एखाद्याचे भाकीत बरोबर आले एवढ्यावरून तो सांगेल ते सगळे देवाकडून आले, असे मानायला बायबल परवानगी देत नाही. ‘त्यांनी सांगितलेलं अगदी तसंच झालं हो’ हे वाक्य प्रार्थनासभांतून आपण नेहमी ऐकतो आणि त्या एका वाक्यावर एखाद्या वक्त्याची पुढची सगळी मते बिनविरोध मान्य होतात. तेरावा अध्याय नेमका तिथे थांबायला सांगतो.

संख्येचाही उपयोग नाही. राजे या पुस्तकाच्या पहिल्या भागात, बाविसाव्या अध्यायात, इस्राएलाचा राजा अहाब याच्यासमोर सुमारे 400 संदेष्टे एकमुखाने ‘युद्धाला जा, जय तुमचाच’ असे सांगतात. त्यांच्यातील एक जण तर लोखंडाची शिंगे करून आणतो आणि यांनी तू शत्रूला हुंदडशील म्हणून दाखवतो. एकटा मीखाया वेगळे बोलतो, त्याबद्दल गालावर थप्पड खातो आणि तुरुंगात जाता जाता राजाला म्हणतो : ‘तू सुखरूप परत आलास, तर परमेश्वर माझ्या द्वारे बोललाच नाही असे समज.’ अनुवादातली कसोटी त्याने स्वतःला लावून घेतली. अहाब परत आला नाही.

पण त्या मुलीचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. अहाबाच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत निकाल लागला. जिथे निकालाला वर्षे लागतात, तिथे मधल्या काळात काय करायचे? यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय या अडचणीचा जणू धडाच आहे आणि तो सावकाश वाचावा असा आहे.

काळ इ.स.पूर्व 594 च्या आसपासचा. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पूर्व 597 मध्ये यरुशलेम घेतले होते. तरुण राजा यकन्या, कारागीर, सरदार आणि मंदिरातली पात्रे बाबेलला नेली होती. गादीवर सिद्कीया होता. शेजारच्या राज्यांचे दूत यरुशलेमात आले होते आणि बंड करायचे की नाही, याची कुजबुज चालू होती. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून हिंडत होता. बाबेलचे जू सोसा, बंड करू नका, एवढाच त्याचा संदेश. पाचव्या महिन्यात मंदिरात, याजक आणि सगळे लोक बघत असताना, गिबोनचा हनन्या पुढे झाला आणि परमेश्वराच्याच नावाने म्हणाला की, बाबेलचे जू मोडले आहे, दोन वर्षांच्या आत पात्रे परत येतील, यकन्या परत येईल, नेलेले सगळे परत येतील.

त्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. दोघेही ‘परमेश्वर असे म्हणतो’ याच शब्दांनी बोलत आहेत. दोघांनाही तो अध्याय संदेष्टाच म्हणतो. हनन्या दुसऱ्या देवांकडे चला असे म्हणत नाही, त्यामुळे तेराव्या अध्यायाची कसोटी लागू होत नाही. त्याने मुदत दिलेली आहे, पण ती दोन वर्षांची. त्यामुळे अठराव्या अध्यायाची कसोटी आज लागू होत नाही. शिवाय ज्या घरातला मुलगा बाबेलला नेलेला आहे, त्या घराला हनन्याचे शब्द किती गोड वाटले असतील!

आणि यिर्मया काय म्हणतो? ‘आमेन! परमेश्वर असेच करो.’ हा टोमणा होता असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. लोक परत यावेत असे त्यालाही वाटत होते. त्यानंतर तो एक जोड देतो : तुझ्या-माझ्या आधीच्या संदेष्ट्यांनी पुष्कळ देशांविषयी युद्ध, अरिष्ट आणि मरी यांचेच संदेश दिले, जो शांतीचा संदेश देतो, त्याचे वचन खरे ठरेल तेव्हाच त्याला परमेश्वराने पाठवले होते असे कळेल. म्हणजे दोन्ही संदेशांवर पुराव्याचे ओझे सारखे नाही. ऐकणाऱ्याला जे हवे तेच सांगणारा संदेष्टा अधिक संशयाने ऐकावा, कारण तसे सांगण्यात त्याला काही गमवायचे नसते आणि ऐकणाऱ्याला काही बदलायचे नसते. हनन्याच्या संदेशात कोणाला काहीही करायला सांगितलेले नव्हते; पण त्यावर भरवसा ठेवला तर बंडाला मात्र धर्माचा आधार मिळत होता.

मग हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढले आणि सगळ्यांसमोर मोडले. पुढचे वाक्य फार लहान आहे : यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्याकडे त्या घटकेला उत्तर नव्हते आणि त्याने ते तयार केले नाही. नंतर केव्हातरी त्याला वचन मिळाले. लाकडाच्या जागी लोखंडाचे जू येईल आणि हनन्या याच वर्षी मरेल, असे त्याने त्याला सांगितले. सातव्या महिन्यात हनन्या मेला. दोन वर्षे उलटली, पात्रे आली नाहीत. बंड झाले आणि इ.स.पूर्व 587 च्या सुमारास (काही अभ्यासकांच्या गणनेने 586) यरुशलेम जळाले.

निकाल लागेपर्यंत काय करायचे, याचे उत्तर मला या अध्यायात मिळते आणि ते फार मोठे नाही : न समजलेल्या गोष्टीवर समजल्यासारखे वागू नये, मोठा निर्णय तिच्यावर टाकू नये, आणि ‘मला अजून कळलेले नाही’ असे म्हणून बाजूला होण्याची मोकळीक स्वतःला ठेवावी. यिर्मयासारख्या संदेष्ट्याला ती होती, तर बायबल अभ्यासात बसणाऱ्या मुलीला ती का नसावी?

आता कसोटीची दुसरी, अधिक अवघड बाजू. योना या संदेष्ट्याच्या पुस्तकात निनवे शहराला ‘आणखी चाळीस दिवसांनी निनवेचा नाश होईल’ एवढाच संदेश आहे. त्यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. चाळीस दिवस गेले, निनवे उभेच राहिले. अनुवादाचा नियम शब्दशः लावला, तर योना खोटा संदेष्टा ठरतो. योनाला स्वतःलाही ते इतके लागले की तो रुसून शहराबाहेर जाऊन बसला. पण पुस्तक त्याला खोटे ठरवत नाही, कारण मधल्या काळात राजापासून सगळ्यांनी गोणपाट नेसून आपली वाट बदलली. हाच नियम यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या घरी उघड सांगितला आहे : ज्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो ते वाईटापासून वळले, तर मीही योजलेले अरिष्ट मागे घेईन, आणि ज्याला बरे करण्याचे मी बोललो ते बिघडले, तर ते बरेही राहणार नाही.

कोल्हापूरकरांना हे समजायला लांब जावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी चढू लागले की प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांना जनावरांसह बाहेर पडण्याची सूचना होते. 2019 च्या महापुराचा अनुभव गाठीशी असल्यामुळे माणसे आता वेळेत निघतात. पाणी आले आणि गावात कोणी दगावले नाही, तर ‘तुम्ही उगाच भीती घातली’ असे सूचना देणाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. माणसे वाचली ती सूचना ऐकल्यामुळेच. दाखला पूर्ण जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. माणसे सुधारली म्हणून नदीचे पाणी उतरत नाही. योनाच्या गोष्टीत मात्र अरिष्टच टळते. पण इशारा हा खरा ठरण्यासाठी दिलेला नसतो, हे त्यातून कळते.

इस्राएलाच्या लोकांनाही ही समज होती, याचा पुरावा एका खटल्यात सापडतो. मीखा या संदेष्ट्याने सांगितले होते की सीयोन शेतासारखे नांगरले जाईल आणि यरुशलेम ढिगारा होईल. तसे त्या काळी झाले नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी यिर्मयाने मंदिराविरुद्ध तसेच बोलल्याबद्दल त्याला ठार करा अशी मागणी झाली, तेव्हा देशातील काही वडीलधारी माणसे उठली आणि मीखाचे तेच वाक्य त्याच्या नावासह सभेपुढे ठेवून त्यांनी विचारले : हिज्कीया राजाने त्याला मारले का? राजाने देवाचे भय धरले आणि देवाने अरिष्ट मागे घेतले, असेच ना? न घडलेल्या भविष्यवाणीने तिथे एका संदेष्ट्याचा जीव वाचवला. त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला मात्र मिसर (इजिप्त) देशातून पकडून आणून मारल्याची नोंद आहे.

इथे प्रामाणिक वाचकाला एक आक्षेप सुचायला हवा. हा मार्ग मोकळा ठेवला, तर कोणतेही फसलेले भाकीत सावरता येईल. घडले तर मी बरोबर. न घडले तर तुमच्या प्रार्थनेने टळले. अशा बोलण्याला कधीच चूक म्हणता येणार नाही, आणि ज्याला चूक म्हणता येत नाही त्याची पारखही करता येत नाही. मला वाटते, यावर दोन गोष्टी धरून चालता येते. निनवे आणि हिज्कीया या दोन्ही ठिकाणी बदल मोठा, सार्वजनिक आणि कोणालाही दिसणारा होता. तो नंतर कोणी कल्पनेने जोडलेला नव्हता. आणि दोन्ही ठिकाणी संदेश वागणुकीवर बोट ठेवणारा होता. हनन्याप्रमाणे कोणाकडून काहीच न मागता तारीख देणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

तारीख देण्याची हौस आपल्या काळातही गेलेली नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी आणि बॅप्टिस्ट उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएलाच्या पुस्तकातील 2,300 दिवसांचा हिशेब मांडून ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आल्याचे सांगितले. त्यांच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस गेला. काही जणांनी पुढे, तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात घडली, असा अर्थ लावला. मिलर यांनी स्वतः वेळेबाबतची आपली चूक उघडपणे मान्य केली, आणि हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. ‘त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी कोणाला ठाऊक नाही’ हे येशूचे शब्द मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात आहेत. तेवढे वाचले तरी पुष्कळ हिशेब वाचतात.

उलट प्रकारचे एक उदाहरण कोल्हापूरशी नाते सांगणारे आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले; त्यांचा मुलगा रॉबर्ट वाइल्डर याचा जन्म 1863 मध्ये याच शहरात झाला. पुढे अमेरिकेत 1886 नंतर उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीत त्याचा मोठा वाटा होता, आणि ‘या पिढीतच साऱ्या जगाला सुवार्ता’ हे त्या चळवळीचे घोषवाक्य झाले. ती पिढी केव्हाच सरली. मग ती भविष्यवाणी खोटी ठरली का? तिचे एक प्रमुख नेते जॉन मॉट यांनी आधीच खुलासा केला होता की, हे घोषवाक्य भाकीत समजू नये. काय होईल हे ते सांगत नाही, काय करता येईल आणि केले पाहिजे हे सांगते. आपली इच्छा, आपला निर्धार आणि देवाचे वचन यांची सरमिसळ होऊ न देण्याची ही काळजी आजच्या पुष्कळ व्यासपीठांवर दिसत नाही.

काही अडचणी एवढे करूनही उरतात आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. यहेज्केलाच्या सव्विसाव्या अध्यायात नबुखद्नेस्सर सोर (टायर) शहर उद्ध्वस्त करील, तिथली संपत्ती लुटील, असे त्याचे नाव घेऊन सांगितले आहे. त्याने सोरेला 13 वर्षे वेढा दिला, पण समुद्रातले ते बेटावरचे शहर त्याच्या हाती तसे लागले नाही. बेटापर्यंत भराव टाकून ते जिंकले अलेक्झांडरने, इ.स.पूर्व 332 मध्ये. पुष्कळ उपदेशक थेट अलेक्झांडरकडे उडी मारतात आणि भविष्य पूर्ण झाल्याचे सांगतात. पण वचनात आरंभी नाव आहे ते नबुखद्नेस्सराचे, हे ते वाचून दाखवत नाहीत. गंमत अशी की यहेज्केलाचे पुस्तक स्वतः इतके संकोचत नाही. एकोणतिसाव्या अध्यायात, इ.स.पूर्व 571 च्या सुमाराच्या संदेशात, ते सरळ म्हणते : नबुखद्नेस्सराच्या सैन्याने सोरेसाठी इतके कष्ट केले की प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले आणि खांदे सोलवटले, पण त्याला वा त्याच्या सैन्याला त्याचे वेतन मिळाले नाही, म्हणून त्याला मिसर देण्यात येईल. आधीचा संदेश खोडून टाकला असता किंवा दुरुस्त केला असता, तरी कोणाला कळले नसते. ज्यांनी हे लिखाण जपले त्यांनी दोन्ही जपले. हुल्दा या स्त्री-संदेष्टीने योशीया राजाला ‘तू शांतीने आपल्या कबरेत जाशील’ असे सांगितले आणि तो इ.स.पूर्व 609 मध्ये मगिद्दो येथे फारोच्या हातून मारला गेला, ही नोंदही तशीच आहे. शांती म्हणजे यरुशलेमचा नाश डोळ्यांनी न पाहणे, असा तिचा अर्थ लावला जातो आणि तो वचनाच्या उत्तरार्धाशी जुळतो, पण वाचक क्षणभर अडखळतो हे खरे.

ज्या तीन शब्दांकडे सहसा दुर्लक्ष होते, ते आता पाहू. ‘त्याला घाबरू नकोस.’ हे दोन्ही वचनांचे शेवटचे शब्द आहेत, आणि माझ्या मते त्यांचा सगळा रोख तिकडे आहे. कसोटी दिली ती भविष्य अचूक ओळखण्याची विद्या म्हणून नव्हे. देवाचे नाव पुढे करून कोणी आपल्यावर वचक बसवू नये म्हणून. आपल्याकडे बाहेरून आलेला एखादा उपदेशक घरी प्रार्थनेला बसतो आणि ‘या घरावर संकट दिसतंय, दिवाळीच्या आत काहीतरी होईल’ असे सांगून जातो. मग ठरलेले लग्न पुढे जाते, डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, सासू सुनेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. दिवाळी सरते, काही होत नाही, आणि त्या माणसाला कोणी विचारायलाही जात नाही. उलट ‘प्रार्थनेमुळे टळलं’ म्हणून त्याचाच मान वाढतो. अनुवादाचे वचन अशा घरासाठी लिहिलेले आहे. उपदेशकाला पुन्हा बोलावून, ‘आपण सांगितलेलं घडलं नाही, तेव्हा ते कुणाचं वचन होतं?’ असे शांतपणे विचारणे, ही श्रद्धेत आलेली उणीव नाही.

नव्या करारातही हाच सूर चालू राहतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल एका दमात दोन गोष्टी सांगतो : संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सगळ्याची पारख करा, चांगले ते धरून ठेवा. करिंथच्या मंडळीला (चर्चला) तो सांगतो की, दोघांनी वा तिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी त्याचा निर्णय करावा. म्हणजे ‘देवाने मला दाखवले’ म्हणून सभेत उभे राहिलेल्याचे बोलणे तिथेच संपत नाही. ते बसलेल्यांच्या हाती जाते. बिरुया गावातील लोक पौलाचेच बोलणे शास्त्राशी रोज ताडून पाहत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचे कौतुक आहे.

पारख करायची तर एक साधी गोष्ट आधी हवी, आणि ती म्हणजे नोंद. काय सांगितले, कोणी सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले, हे लिहिलेले नसेल तर वर्षभराने प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीने वळते. यशयाच्या आठव्या अध्यायात दिमिष्क (दमास्कस) आणि शोमरोन या शहरांची लूट अश्शूरचा राजा घेऊन जाईल, हे सांगण्याआधी संदेष्ट्याला मोठी पाटी घेऊन तिच्यावर माणसांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहायला सांगितले जाते, आणि त्याला उरीया याजक व जखऱ्या हे दोन भरवशाचे साक्षीदार घेतले जातात. दिमिष्क इ.स.पूर्व 732 मध्ये पडले, शोमरोन त्यानंतर दहा वर्षांनी. मंडळीत सभासदांची, बाप्तिस्म्यांची, लग्नांची वही असतेच. घराघरांत येऊन तारीखवार भविष्य सांगणाऱ्यांसाठी तिच्यात चार पाने राखून ठेवावीत, बोलणाऱ्याची सही आणि दोघांची साक्ष घ्यावी, आणि दिलेली मुदत संपली की पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ते पान रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या वडीलधाऱ्यांपुढे उघडावे.